मावळ : खोऱ्यांचा मुलूख आणि त्याचा कारभार

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा परिसर आज देशभर उद्योगनगरी म्हणून सर्वपरिचित आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणच्या माळावरही कारखाने उभे राहिले. कारखान्यांमागोमाग बाजारपेठा वाढल्या आणि राजस्थान, गुजरात, नगर, सोलापूर अशा ठिकठिकाणांहून आलेली आपली कुटुंबे येथे स्थिरावली. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत समाजाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा अन्यत्र आलेला आहेच. प्रस्तुत लेखात, ज्या भूमीच्या उंबरठ्यावर आपण राहतो, त्या मावळ प्रदेशाच्या भूगोलाचा व राज्यकारभाराचा थोडक्यात परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

आज 'मावळ' म्हटले की वडगाव येथे तहसील कचेरी असलेला तालुका डोळ्यांसमोर येतो. इतिहासात मात्र या नावाचा विस्तार मोठा आहे. उत्तरेस जुन्नरपासून दक्षिणेस भोरपर्यंत, सह्याद्रीच्या माथ्याला पूर्वेकडून लागून असलेला सर्व डोंगराळ पट्टा व्यापक अर्थाने मावळ या संज्ञेत येतो. आजच्या हिशेबाने जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, वेल्हे (आताचा राजगड) आणि भोर या सात तालुक्यांचा पश्चिम भाग म्हणजे हा मुलूख होय. पुणे जिल्ह्यातील चौदा तालुक्यांपैकी निम्म्या तालुक्यांना सह्याद्रीचा स्पर्श आहे, ही गोष्ट शहरात राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही.

भूमीची घडण

सह्याद्रीचा मुख्य कणा उत्तर-दक्षिण आहे. त्यापासून पूर्वेकडे अनेक डोंगररांगा फुटतात आणि दोन रांगांच्या मध्ये एकेक नदी वाहते. कुकडी, मीना, घोड, भीमा, भामा, इंद्रायणी, पवना, मुळा, मोसे, मुठा, गुंजवणी, वेळवंडी अशी ही मालिका आहे. पवना मुळेस मिळते, मुळा-मुठा एकत्र होऊन भीमेस मिळतात, इंद्रायणी तुळापूर येथे भीमेत विसर्जित होते, घोड आणखी खाली मिळते, तर गुंजवणी व वेळवंडीचे पाणी नीरेच्या द्वारे नरसिंहपूर येथे भीमेत जाते. म्हणजे हा सारा मुलूख एकाच भीमेचे माहेर आहे.

पावसाचे मान येथे काही कोसांवर बदलते. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे पासष्ट किलोमीटरवरील पुण्यात तो सातशेच्या आसपास असतो. खोऱ्याच्या तळाशी भात, उतारावर नाचणी व वरई, आणि माथ्याच्या जंगलात हिरडा, अशी पिकांची व उत्पन्नाची विभागणी निसर्गानेच करून ठेवलेली आहे. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने १९८७ साली 'इंद्रायणी' हे वाण प्रसारित केले. ते आज आपल्या घरोघरी शिजते.

एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जावयाचे तर डोंगर चढून उतरावा लागे, अथवा खोऱ्याच्या तोंडापर्यंत येऊन वळसा घ्यावा लागे. त्यामुळे सोयरीक, बाजार, जत्रा, तंटेबखेडे हे सर्व प्रायः एकाच खोऱ्यात मिटत असे. या खोऱ्यांना नावेही तशीच मिळाली. इंद्रायणीच्या परिसरात नाणेमावळ व आंदरमावळ, त्याखाली पवनमावळ, दक्षिणेकडे मुठेखोरे, मोसेखोरे, कानदखोरे, गुंजणमावळ, हिरडसमावळ, रोहिडखोरे ही नावे आढळतात. उत्तरेकडे मात्र 'नेर' हा प्रत्यय येतो : भामनेर, भीमनेर, घोडनेर, मीननेर, कुकडनेर. नदीचे नाव तेच प्रदेशाचे नाव, अशी ही सरळ व्यवस्था होती.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या परिसरातील जुन्या बाजारपेठा खोऱ्यांच्या तोंडाशी वसलेल्या आहेत. कुकडीवर जुन्नर, मीनेवर नारायणगाव, घोडेवर घोडेगाव, भीमेवर खेड (आताचे राजगुरुनगर), इंद्रायणीच्या काठाने कामशेत व तळेगाव, मुळेवर पौड. डोंगरातील भात, हिरडा, लाकूड येथे उतरावे आणि मीठ, कापड, गूळ, भांडी येथून वर जावीत, असा हा व्यवहार. याच पेठांतून पुढे आपल्या समाजाची दुकाने उभी राहिली. तेव्हा खोऱ्याशी असलेले आपले नाते कारखान्यांहून जुने आहे, हे विसरून चालणार नाही.

शिलालेखांतील मावळ

'मावळ' हा शब्द सूर्य मावळण्याच्या दिशेवरून आला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. परंतु शिलालेख आपणांस आणखी मागे नेतात. कार्ले येथील लेण्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख आहेत. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक, म्हणजे कार्ले येथील भिक्षूंना करजिक नावाचे गाव दान दिले होते. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केल्यानंतर त्याच गावासंबंधी नवी राजाज्ञा निघाली, आणि ती 'मामल' येथील अमात्यास उद्देशून आहे. त्या विभागास 'मामलाहार' म्हटलेले आहे. 'आहार' म्हणजे तत्कालीन जिल्हा. मामल म्हणजेच मावळ, असे अभ्यासक मानतात. यावरून या डोंगराळ मुलखास स्वतंत्र विभाग मानून तेथे अधिकारी नेमण्याची प्रथा सुमारे अठराशे वर्षांहून अधिक जुनी आहे, हे स्पष्ट होते.

राज्ये बदलली तरी त्या गावाचे दान नव्या राजाने पुढे चालू ठेवले, आणि तसा लेखी हुकूम स्थानिक अमात्यास धाडला, हेही महत्त्वाचे आहे. सत्तांतरानंतर पहिला प्रश्न जुन्या हक्कांचा असतो. मावळच्या पुढील इतिहासात हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होताना दिसतो.

उत्तरेस नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. तेथील दगडी रांजणात जकात गोळा होत असे, अशी परंपरा सांगते. घाटमार्ग हे या प्रदेशाचे मोठे धन होते. कल्याण, सोपारा या बंदरांतील माल घाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठण व तेरकडे जाई.

आपल्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा लेख नाणेमावळातील पाले येथे आहे. कामशेतजवळील या गावाच्या डोंगरात एक साधे लेणे असून तेथील ब्राह्मी लेख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी प्रकाशात आणला. लेखाचा आरंभ अरिहंतांना केलेल्या नमस्काराने होतो. भदंत इंदरखित यांनी लेणे आणि 'पोढी' करविली, असा त्याचा आशय आहे. लिपीवरून तो इसवी सनापूर्वीचा मानला जातो. महाराष्ट्रातील अत्यंत प्राचीन जैन लेखांत त्याची गणना होते. अलीकडे लोहगडवाडी परिसरातही याच धर्तीचा लेख आढळला आहे. 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके. चातुर्मासात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात घोटभर पाण्यास वणवण, हा मावळचा स्वभाव त्या मुनींनी ओळखला होता. या डोंगरात आपल्या परंपरेची पहिली नोंद आहे, आणि त्या नोंदीत पाण्याची तरतूद आहे.

देशमुखी वतने आणि खोरे

मध्ययुगात खोरे हेच कारभाराचे परिमाण राहिले. कागदोपत्री त्यास 'तर्फ' म्हणत. आजही आंबेगाव तालुक्यात म्हाळुंगे तर्फ घोडा व म्हाळुंगे तर्फ आंबेगाव अशी सरकारी नावे टिकून आहेत; त्या शब्दांत जुन्या कारभाराचा ठसा शिल्लक आहे. प्रत्येक खोऱ्यास देशमुख व देशपांडे आणि प्रत्येक गावास पाटील व कुलकर्णी अशी रचना होती. रोहिडखोऱ्यात जेधे, हिरडसमावळात बांदल, मोसेखोऱ्यात पासलकर, गुंजणमावळात शिळीमकर, मुठेखोऱ्यात मारणे, कानदखोऱ्यात मरळ ही घराणी प्रसिद्ध आहेत. १४९० साली निजामशाही उदयास आली तेव्हा जुन्नर हे तिचे प्रारंभीचे ठाणे होते. सुलतानांचा सुभेदार जुन्नरला किंवा चाकणला असे. खोऱ्यात हुकूम चाले तो देशमुखाचा.

या पद्धतीचे गुण होते तसे दोषही होते. देशमुख आपल्या खोऱ्यातील प्रत्येक वाडी, प्रत्येक वाट आणि प्रत्येक शेत ओळखत असे, हा गुण. परंतु तोच लहानसा राजा होऊन बसे, आणि शेजारच्या देशमुखाशी पिढ्यान्पिढ्या भांडे, हा दोष. छत्रपती शिवाजी महाराजांच्या कारभाराचे वैशिष्ट्य येथे दिसून येते. त्यांनी मावळातील देशमुखांना हाताशी धरून स्वराज्याचा पाया घातला, परंतु त्यांच्या मनमानीस आळा घातला. देशमुखांनी गावोगावी बांधलेले हुडे-वाडे पाडविले आणि त्यांचे हक्क ठरवून दिले, असे सभासद बखर सांगते. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी परस्परांवर अंकुश म्हणून नेमले. पवनमावळातील लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चार किल्ले पाहिले की प्रत्येक खोऱ्यावर गडाची नजर कशी ठेवली होती, हे सहज उमजते.

घाट जाणणारे आणि न जाणणारे

चाकणचे महत्त्व या भूगोलातूनच आले. डोंगर संपून देश जेथे सुरू होतो, त्या सीमेवर, जुन्नर व पुणे यांच्या दरम्यान हे ठाणे आहे. १४५३ साली बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन याने चाकणला आपला मुख्य तळ केला व तेथून कोकणची मोहीम काढली. शिर्क्यांनी वाट दाखविण्याच्या मिषाने त्याचे सैन्य खेळण्याच्या (विशाळगडाच्या) दाट अरण्यात नेले आणि तेथे त्याचा नाश झाला. जे वाचले ते चाकणला परतले. दरबारी वैमनस्यापायी त्यांपैकी बहुतेकांचा तेथेच घात करण्यात आला.

१६६० साली शायिस्ताखानाने याच चाकणच्या भुईकोटास वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी अल्प शिबंदीनिशी सुमारे दोन महिने तो लढविला. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज बोरघाट चढून कार्ल्यावरून तळेगावपर्यंत आली. पण वाटेतील गावे ओस व रसद जाळलेली पाहून मागे फिरली आणि वडगाव येथे मराठी सैन्याच्या वेढ्यात सापडली. महादजी शिंदे यांच्याशी इंग्रजांना तह करावा लागला तो हाच.

मावळ केवळ 'मधला रस्ता' आहे असे मानून जो आत शिरला, त्यास या डोंगरांनी अडविले, असे या घटनांवरून म्हणता येईल. ज्याने खोऱ्यातील माणसांस सोबत घेतले, त्याचे राज्य उभे राहिले.

इंग्रजी अमदानी : मोजणीची साखळी

१८१८ साली पेशवाई संपली आणि पुण्यास कलेक्टर आला. एल्फिन्स्टनने आरंभी जुनी व्यवस्था शक्यतो मोडू नये, असे धोरण ठेविले. पुढे मात्र जमिनीच्या मोजणीचे पर्व सुरू झाले. प्रिंगल याने केलेली पहिली मोजणी निव्वळ उत्पन्नाच्या किचकट हिशेबावर आधारलेली होती, ती फसली. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून नवी पद्धत सुरू केली व तीच सर्वत्र रूढ झाली. प्रत्येक शेतास क्रमांक, प्रत्येक क्रमांकास खातेदार व ठरलेला सारा, ही ती पद्धत. आपल्या सातबाराचे मूळ याच परंपरेत आहे.

सपाट देशावर ही पद्धत पुष्कळ अंशी सोयीची ठरली. डोंगरात मात्र अडचण होती. उतारावरील वरकस जमीन दोन-तीन वर्षे नाचणी-वरईखाली ठेवून मग काही वर्षे पड टाकावी लागते. 'हे शेत कोणाचे' यापेक्षा 'यंदा कोणी कोठे पेरावयाचे' हा तेथील खरा प्रश्न असे, आणि तो गावकी ठरवीत असे. साखळीने मोजलेल्या नकाशात या रीतीस जागा नव्हती. पाठोपाठ १८७८ चा वनकायदा आला आणि डोंगरमाथ्याचे जंगल राखीव झाले. हिरडा, सरपण व चराईचे जे हक्क परंपरेने चालत होते, त्यांस आता परवानगी लागू लागली.

त्याच काळात दळणवळण सुधारले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८५८ साली खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ साली घाटातील अवघड टप्पा पूर्ण होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. मावळच्या मधोमध आगगाडी धावू लागली. मात्र आंदरमावळ अथवा पवनमावळातील वाड्यांना पायवाटच राहिली. तालुका कचेरी खोऱ्याच्या तोंडाशी आणि रयत खोऱ्याच्या पोटात, ही रचना तेव्हापासून कायम झाली.

खतावणीचे पान

या प्रकरणाकडे आपल्या समाजाने तटस्थपणे पाहावयास हवे. सारा रोखीत भरावयाचा, तोही ठरलेल्या हप्त्याने. आणि डोंगरातील कुणब्याच्या अथवा महादेव कोळ्याच्या हाती रोकड नसे. ती बाजारपेठेतील दुकानदार देई. या दुकानदारांत मारवाडी व गुजर वाण्यांचा भरणा मोठा होता आणि त्यांत आपले पूर्वजही होते. अडीअडचणीस धान्य, बी-बियाणे, लग्नकार्यास पैसा याच दुकानांतून मिळे, हे सत्य आहे. परंतु इंग्रजी दिवाणी न्यायालयांनी कर्जखतास जे बळ दिले, ते पूर्वी नव्हते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. परिणाम उलट झाला. मुदत संपण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याची रीत पडली आणि कर्ज वाढतच गेले.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला होता. १८६५ नंतर तो कोसळला. त्यातच फेरमोजणीत सारा वाढला. डोंगरात असंतोष आधी पेटला. भीमाशंकर परिसरातील जांभोरीचे होनाजी (होन्या) केंगले यांनी १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध बंड उभारले. सह्याद्रीच्या खोऱ्यांतून हे बंड तीन वर्षे सरकारला चकवीत राहिले व १८७६ साली मेजर डॅनियल याने त्यांना पकडले. देशावर १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगा झाला व तो पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. दंगेखोरांचा रोख प्राधान्याने कर्जखतांवर होता. कागद मिळाले तेथे ते जाळण्यात आले. मनुष्यहानी त्या मानाने अत्यल्प झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला आणि दस्तनोंदणीसाठी खेड्यांत व्यवस्था झाली.

याच इंद्रायणीकाठी दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी एक वेगळा दाखला घडून गेला होता. देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी व दुकानदारी होती. १६३० च्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. भावाच्या वाट्याची खते त्यांनी त्याला दिली, हेही परंपरा आवर्जून सांगते. अपरिग्रहाचा उपदेश नित्य ऐकणाऱ्या आपणांस या कृतीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पाणी खाली उतरले

विसाव्या शतकात मावळास नवी किंमत आली ती पाण्यामुळे. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोली येथे १९१५ साली वीजनिर्मिती सुरू झाली व मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे आंदरमावळात ठोकरवाडीचे धरण झाले. मुळशी खोऱ्यात धरणाचे काम सुरू होताच १९२१ साली रामनवमीच्या दिवशी सत्याग्रहास प्रारंभ झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे अग्रणी होते. १९२४ पर्यंत हा लढा चालला. अखेर पन्नासहून अधिक गावे पाण्याखाली गेली. तेथील पुष्कळ जमिनी पुण्यातील सावकारांकडे गहाण असल्याने नुकसानभरपाईचा प्रश्नही गुंतागुंतीचा झाला. पिढ्यान्पिढ्या कसणारा एक आणि कागदावर मालक दुसरा, हा मोजणी व कर्जखते यांचा एकत्रित परिणाम येथे उघड झाला.

स्वातंत्र्यानंतर धरणांची दिशा पूर्वेकडे वळली. पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. त्याचे पाणी नदीपात्रातून वाहत रावेतपर्यंत येते, तेथे ते उचलून शुद्ध केले जाते आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचते. घोड नदीवरील डिंभे धरणात ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगावच बुडाले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे. चाकणच्या पश्चिमेस भामा-आसखेडचे धरण झाले.

धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याची योजना आली, तेव्हा नदीत पाणी उरणार नाही आणि काठावरील शेती सुकेल, ही धास्ती मावळच्या शेतकऱ्यांस वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर ते काम अनेक वर्षे थांबून राहिले. शहरास पाणी हवे हे निर्विवाद आहे, आणि ज्यांची जमीन धरणात गेली त्यांस नदीचा हक्क हवा, हेही तितकेच निर्विवाद आहे. या दोन्हींचा मेळ घालणे हे कोणत्याही प्रशासनापुढील कठीण काम होय.

आजची व्यवस्था आणि तिचे अंतर

स्वातंत्र्योत्तर काळात कारभाराचे स्वरूप आमूलाग्र बदलले. कुलकर्णी व पाटील यांची वतने गेली, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कुळांना मालकीची वाट खुली झाली, १९६२ साली जिल्हा परिषद व पंचायत समित्या आल्या. १९८५ च्या आदेशान्वये आंबेगाव व जुन्नर तालुक्यांचा पश्चिम आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट आहे आणि घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात ग्रामसभेस विशेष अधिकार दिले. वाडी-वस्तीचीही ग्रामसभा होऊ शकते, हे त्याचे मर्म आहे. एका दृष्टीने, खोऱ्यातील माणसांनीच खोऱ्याचा विचार करावा या जुन्या सूत्राकडे, देशमुखीचा दोष टाळून, परत येण्याचा हा प्रयत्न म्हणावा लागेल.

तरीही कचेरी आणि वाडी यांतील अंतर किती असू शकते, हे ३० जुलै २०१४ रोजी सर्वांस दिसले. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर पहाटे डोंगर कोसळला आणि १५१ जण दगावले. ही वार्ता बाहेरच्या जगास प्रथम कळली ती एका एस. टी. चालकामुळे. नेहमीच्या फेरीस गेलेल्या त्या चालकास गावच जागेवर दिसेना. दूरध्वनी, उपग्रह, आपत्ती व्यवस्थापन यांच्या युगात दिवसातून मोजक्या वेळा जाणारी बसच खोऱ्याचा एकमेव दुवा ठरली. २०१७ साली आमडे येथे माळीणचे पुनर्वसन झाले. पण सह्याद्रीच्या उतारावर अशा कित्येक वाड्या आहेत.

२०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले व मावळ-मुळशीचा मोठा डोंगराळ भाग त्याच्या नियोजनाखाली आला. म्हणजे मामलाहाराच्या अमात्यापासून सुरू झालेली मालिका आता महानगराच्या आराखड्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. रस्ते, घरबांधणी, पर्यटन यांच्या रेषा यापुढे त्या नकाशावर ओढल्या जातील. त्या रेषा ओढताना खोरे, ओढा, उतार व वाडी यांचा विचार होतो की नाही, यावर मावळचे आणि पर्यायाने आपल्या नळाच्या पाण्याचेही भवितव्य अवलंबून राहील.

समारोप

वाचकहो, उपरोक्त विवेचनावरून एक गोष्ट ठळकपणे जाणवते. या डोंगराळ मुलखाचा कारभार जेव्हा खोऱ्याच्या मापाने झाला, तेव्हा तो टिकला. केवळ वाट, केवळ सारा अथवा केवळ पाणी, अशा एकाच नजरेने जेव्हा त्याकडे पाहिले गेले, तेव्हा संघर्ष उद्भवला. आणि त्या संघर्षात बहुधा एका बाजूस कागद असे आणि दुसऱ्या बाजूस कसणारा हात.

या कागदांपैकी काही आपल्या घरांत आहेत. कामशेत, तळेगाव, चाकण, खेड, घोडेगाव, जुन्नर येथे तीन-चार पिढ्या दुकान चालविलेल्या कुटुंबांच्या माळ्यावर जुन्या रोजमेळाच्या वह्या, खतावण्या, मोडी लिपीतील पत्रे अद्याप असण्याचा संभव आहे. सरकारी दप्तरात साऱ्याची नोंद मिळते. परंतु कोणत्या वर्षी कोणत्या वाडीने किती भात विकले, दुष्काळात धान्याचा भाव काय होता, हिरडा कोणत्या वाटेने उतरला, कोणास उधार दिले आणि कोणाचे माफ केले, हे केवळ या वह्यांतच सापडेल. घर बदलताना वा दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

आज या खतांवर कोणाचा दावा उरलेला नाही आणि कोणाचे देणेही उरलेले नाही. त्यामुळे त्या निःसंकोचपणे बाहेर काढता येतील. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून कार्यरत असलेल्या संस्थेत त्या सुपूर्द केल्यास मोडी जाणणारे अभ्यासक त्यांचे वाचन करू शकतील. त्यांत आपल्या पूर्वजांचे औदार्य दिसेल, क्वचित कठोरपणाही दिसेल. दोन्ही दिसू द्यावे. सत्याणुव्रत पाळणाऱ्या समाजास इतिहासाचे भय बाळगण्याचे कारण नाही.

दोन सहस्रकांपूर्वी भदंत इंदरखित यांनी नाणेमावळातील कातळावर आपली नोंद कोरली, म्हणून ते टाके कोणी करविले हे आज आपणांस ठाऊक आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरचा एक जुना कागद जरी जतन केला, तरी या खोऱ्यांच्या इतिहासात मोलाची भर पडेल.